मंगळवारचा सोमवार

आमच्या शेजारच्या नानांच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर होतं, नारायणगावच्या कापडवाल्या शेटजींनी दिवाळीला दिलेलं. पण ते नानींचं. संकष्टी कधी, सिलिंडर कधी लावला, म्हैस कधी फळली, असल्या खुणा करून करून त्यांनी त्यावर बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती. नाना त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "त्यात वार छापल्याला असतो. छापायला काय, काय बी छापत्यात. आपला वार भरल्याला पायजे."

भरलेला वार म्हणजे बाजार. आमच्या भागातला आठवडे बाजार शुक्रवारी भरतो. नाना तिथून बोटं मोजत. बाजारानंतर एक, दोन आणि तिसरा दिवस सोमवार. बाकी वारांची त्यांना गरजच पडत नसे. मंगळवार काय, बुधवार काय, सगळ्यांना ते 'कामाचा दिस' म्हणत. सोमवार तेवढा त्यांचा होता, आणि तो त्यांनी कळत्या वयापासून एकदाही चुकवला नव्हता.

एकदाच चुकला. तो माझ्यामुळे चुकला. नाना जाऊन दोन पावसाळे झाले, त्यामुळे आता मला रागवायला कोणी नाही. म्हणून सांगतो.

आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. डोक्यावर भीमाशंकर, त्याचा वार, त्याचा नंदी, असं जुनी माणसं सांगायची आणि पाळायची. पुढे ट्रॅक्टर आले. पाळायला बैलच राहिले नाहीत, मग कोण कशाला सोमवार पाळतंय! नानांनी मात्र बैल ठेवले होते. एक तांबड्या, एक कोश्या. आणि सोमवार नुसता ठेवला नव्हता, वाढवला होता. सोमवारी बैल नाही, तर पाण्याची मोटरही नाही. "ती बी राबतीच की." सोमवारी कुदळ नाही, कारण जमिनीला घाव नको. झाडाचा लिंबू तोडायचा नाही, खाली पडलेला चालेल. मी नवीन होतो तेव्हा म्हटलं, "नाना, मग माणसाने तरी श्वास घ्यायचा का?" तर शांतपणे म्हणाले, "हळू घ्यायचा."

मी नवीन म्हणजे तसा नवीन नव्हतो. जन्म शिनोलीचाच. पण पंचवीस वर्षं चाकणच्या कारखान्यात काढली, मग त्यांनी आम्हा जुन्या लोकांना हातात पाकीट देऊन नमस्कार केला, आणि मी बायकोला घेऊन वाट्याच्या दोन एकरांवर राहायला आलो. गावापासून आत, ओढ्याच्या अलीकडे आमचं घर, पलीकडे नानांचं. तिसरं घर नाही. दिवस मावळला की बिबट्याच्या भीतीने दोन्ही घरची जनावरं आत आणि माणसंही आत. अशा ठिकाणी शेजारी विक्षिप्त निघाला तर जायचं कुठे?

मला नानांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, 'कंपनी'. "काय कंपनी, न्याहारी झाली का?" "कंपनी, तुझ्या म्हशीनं दावं तोडलंय." माझ्या बायकोला मात्र सूनबाई. मला याचा राग यायचा. पण राग आला की मी जास्त बोलतो आणि मी जास्त बोललो की नाना जास्त गप्प बसत, त्यामुळे भांडण कधी रंगलंच नाही.

त्यांचा दात दुखला ती गोष्ट अजून आमच्या घरात सांगून हसतात. सकाळीच गालाला फडकं बांधून ओढ्यापाशी उभे. म्हटलं, चला, घोडेगावला दवाखान्यात नेतो. मोटरसायकल काढली. तर नाना हलेनात. वार सोमवार. मोटरसायकललाही सुट्टी!

"अहो ती लोखंडाची आहे!"

"आसू दे. तू जा म्होरं, म्या चालत येतो."

आता म्हाताऱ्या माणसाला एकटं कसं सोडायचं? गाडी घरी लावली आणि निघालो चालत. रस्त्याने वडापच्या जीपा चालल्यात, ओळखीचे लोक हात करतायत, "या की, बसा की," आणि आम्ही दोघं दिंडी काढल्यासारखे कडेकडेने. अर्ध्यात गेल्यावर नाना थांबले. गालाला हात लावून बघितला.

"राहिला," म्हणाले.

"काय राहिलं?"

"दात दुखायचा राहिला. आता पाय दुखाया लागलं."

आणि वळले माघारी! मी रस्त्यात उभा राहून जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर सोमवारी मग हा माणूस करायचा काय? रिकामा बसायचा का? छे! सोमवारी त्यांना सगळ्यात जास्त काम असायचं. दाभण-सुतळी घेऊन फाटकी पोती शिवायची. चऱ्हाटाचे पीळ सोडवायचे. विळे दगडावर घासायचे. बियाणाच्या शेंगा उन्हात पसरायच्या, दुपारी उलटायच्या, ऊन उतरलं की गोळा करायच्या. पाटातला पालापाचोळा हाताने काढायचा. आणि रानात फिरून वर आलेले दगड वेचायचे, एक पाटी भरून, आणि ते नेऊन वरच्या बांधावर रचायचे. एका सोमवारची एकच पाटी. तो बांध माझ्या छातीइतका झाला होता. "ह्यात एक बी दगड कामाच्या दिसाचा न्हाय," असं ते अभिमानाने सांगत. दुसरा कुठलाच अभिमान त्यांनी बोलून दाखवलेला मला आठवत नाही.

त्या दिवशी कोणी त्यांच्याकडे गेलं की ते "बसा" म्हणत आणि मांडीवर काहीतरी आणून ठेवत. एकदा ठिबकच्या नळ्या विकणारा एक तरुण आला, पायात बूट, हातात रंगीत कागद. नानांनी त्याच्यापुढे गुंतलेल्या सुतळीचा गोळा ठेवला. तो बिचारा एका हाताने कागद दाखवतोय, दुसऱ्या हाताने गाठ सोडवतोय. थोड्या वेळाने कागद खाली ठेवला. दोन तास बसला. नानांनी नळी काही घेतली नाही. पण पुढच्या सोमवारी तो पुन्हा आला, आणि या वेळी कागद आणलेच नव्हते.

मीही तसाच सापडलो. पहिल्यांदा चिडून गेलो होतो, मोटरीवरून भांडायला. शेतीला दिवसाची वीज आठवड्यातून ठरावीकच दिवस, ती कधी सोमवारी यायची आणि आमची विहीर सामाईक, त्यामुळे ते मोटर लावू देईनात. भांडता भांडता पोतं शिवून झालं. मग सवय लागली. सोमवारी चहा झाला की मी आपोआप ओढा ओलांडायचो. बायको म्हणायची, "निघाले कामावर!" खरं सांगतो, कारखान्यातून आल्यावर मला काही काळ फार वाईट गेला. सकाळी सातला जाग यायची आणि वाटायचं आपली पाळी चुकली. आता आपलं कोणावाचून अडत नाही आणि कोणाचं आपल्यावाचून, हे मनात सारखं टोचायचं. नानांच्या ओसरीवर ते टोचणं कमी व्हायचं. ते फारसं बोलत नसत. तासातून एखादा प्रश्न विचारत.

"कंपनीत तू काय बनवायचा रं?"

"गाडीच्या ब्रेकमधला एक तुकडा."

"म्हंजे गाडी थांबवायचं?"

"हो."

"पंचवीस वरीस?"

"हो."

बराच वेळ विळा घासत राहिले. मग म्हणाले, "लई चांगलं काम केलंस की." कारखान्याने निरोपाच्या दिवशी शाल दिली होती, भाषण केलं होतं. ते मला काही आठवत नाही. हे आठवतं.

एकदा मी त्यांना विचारलं, "खरं सांगा, देवाला भिऊन पाळता ना सोमवार?"

"देवाला कशाला भ्यायचं? त्यो काय सावकार हाय?" मग बैलांकडे बोट केलं. "तुला कंपनीत अंग मोडून आलं, तर तू काय करायचा?"

"रजेचा अर्ज द्यायचो."

"ह्यांना लिहिता येतो का अर्ज?"

नाना म्हणाले, "म्हणून शाण्या मानसांनी एक वार काढून ठिवला. त्यांनी मागायच्या आदी."

आता त्या आठवड्याचं सांगतो.

दिवाळी होऊन गेली होती. मी पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर गहू करणार होतो. कालव्याची पाळी आली, रान ओलवलं, आणि वाफशाची वाट बघत बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाणी दिल्यावर माती आधी चिखल असते, मग ढेकूळ होते. मधे एखाद-दोन दिवस असे असतात की मूठभर उचलली तर ती हाताला चिकटतही नाही आणि दगडही होत नाही. तो वाफसा. पेरायचं तर तेव्हाच. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं होतं, पण त्या दिवसांत मतदान होतं. ट्रॅक्टरवाला आधी प्रचारात, मग मतदानात, मग कोण निवडून येणार या काळजीत. फोन उचलीना. राहिले नाना, त्यांचे बैल आणि त्यांची पेरायची लाकडी पाभर. नाना म्हणाले, "पेरून देतो की. वाफसा आला की हाक मार."

मतदान आलं नेमकं शुक्रवारी. मतदानाच्या दिवशी बाजार भरू देत नाहीत, म्हणून त्या आठवड्याचा बाजार शनिवारी भरला. शुक्रवारी नाना बोटाला शाई लावून आले, शनिवारी माझ्याच गाडीवर बसून बाजारात गेले. केळी घेतली, बैलांना नव्या वेसणी घेतल्या. नानी घरी असत्या तर कॅलेंडरवरून काहीतरी बोलल्या असत्या. पण त्या लेकीकडे नारायणगावला होत्या, नातवंडाची मुंज म्हणून म्हणा, बारसं म्हणून म्हणा, त्यांना निमित्त लागत नसे. बुधवारी येणार होत्या.

सोमवारी सकाळी मी रानात गेलो, मूठ उचलली, आणि माती हातात अशी भुसभुशीत सुटली की काय सांगू! वाफसा! आणि लगेच आठवलं, आज सोमवार. माझं तोंडच कडू झालं. ऊन कडक, वारं सुटलेलं. उद्यापर्यंत वरची माती सुकणार, परवा दगड. आता काय करू?

एवढ्यात ओढ्यापलीकडून नानांचा आवाज. खांद्यावर पाभर, मागे दोन्ही बैल.

"कंपनी! आला का वाफसा?"

मला आधी कळेचना. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. बाजार शनिवारी, तिथून एक म्हणजे रविवार, दोन म्हणजे सोमवार. यांच्या हिशोबाने अजून दुसराच दिवस चाललाय. यांचा सोमवार उद्या आहे!

नाना जवळ आले. जू ठेवायच्या आधी थांबले आणि सहज म्हणाले, "आज आयतवार न्हवं?"

मी म्हणालो, "हूं."

बस. एवढंच बोललो. तोंड न उघडता बोलता येतं असं खोटं आमच्या भाषेत हे एकच आहे, आणि मी तेच वापरलं. नंतर कितीदा मनाशी घोकलं, की मी कुठे रविवार म्हणालो? मी फक्त हूं म्हणालो. पण मनाला पटलं नाही. पटणार कसं?

दुपार टळेपर्यंत पेरणी झाली. नाना पाभर धरून सरळ रेघेत चालत होते, मी मागून बी सोडत होतो. काय सुरेख पेरणी! कोश्या मधे दोनदा थांबला. मान झटकली. नाना म्हणाले, "चल रं बाबा, उद्या हायच की सोमवार." मी खाली मान घालून बी सोडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नानांनी सोमवार पाळला.

मी जाणार नव्हतो. पण गेलो नसतो तर त्यांना चुकल्यासारखं वाटलं असतं, म्हणून गेलो. ऊन छान पडलं होतं. ओसरीवर घेवड्याच्या शेंगा पसरलेल्या. नाना खुशीत होते. कालच्या पेरणीमुळे खुशीत होते, शेजाऱ्याचं काम वेळेत झालं म्हणून. मला केळ दिलं. पोतं आणि दाभण दिलं. दगडांची पाटी त्यांनी सकाळीच बांधावर रचली होती. सगळं होतं तसंच होतं, वारा, शेंगांचा वास, विळ्याचा आवाज, आणि मला मात्र तिथे बसवेना. दाभण तीनदा बोटात गेला.

मग नाना उठून बैलांपाशी गेले. कोश्याच्या मानेवर हात फिरवला आणि थांबले.

"ह्याला खांदा आलाय रं," म्हणाले. "सूज हाय. बघ." जुवाखाली मान घासून सुजली की त्याला आमच्याकडे खांदा येणं म्हणतात. "बरं झालं आज सोमवार हाय. ह्याला गरजच व्हती."

गरज काल होती. त्याने मान झटकली होती, मी पाहिलं होतं.

"नाना," मी म्हणालो, "आज मंगळवार आहे."

ते वळले.

"सोमवार काल झाला. मतदानामुळे बाजार शनिवारी भरला होता. तुम्ही तिथून मोजलंत."

त्यांनी बोटं मोजली. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुला कदी कळलं?"

इथे पुन्हा एकदा खोटं बोलता आलं असतं. 'आत्ता लक्षात आलं' म्हटलं असतं तर ते हसले असते आणि विषय संपला असता.

"काल सकाळी," मी म्हणालो. "जू ठेवायच्या आधी."

"म्या तुला इचारलं व्हतं."

"हो."

"तू हूं म्हनलास."

"हो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते बांधाकडे गेले. सकाळी रचलेले दगड एकेक करून काढले, पाटीत भरले आणि पाटी बांधाच्या खाली आणून ठेवली. तो दिवस सोमवार नव्हता ना. मग परत गोठ्याशी येऊन कोश्याजवळ उभे राहिले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "महादेवाला कळतं हो. चुकून झालं तुमच्याकडून. तुम्हाला पाप नाही."

"महादेवाचं काय न्हाय. त्यो भोळाच हाय. त्याला सांगता येतं. ह्यांना कसं सांगू?"

"पण त्यांना आज मिळालीच की सुट्टी! एका दिवसाच्या बदली एक दिवस. कंपनीत कॉम्प-ऑफ म्हणतात याला."

"आन् त्यांना इचारलं व्हतं का?" नाना म्हणाले. मग म्हणाले, "जा आता घरला."

त्यांनी मला कंपनीसुद्धा म्हटलं नाही. मी ओढा ओलांडून आलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या. आमच्या मळ्यात एकच शेजार, आणि त्याच्या मनातून मी उतरलो होतो. दोन पोती गव्हासाठी.

बायकोने तोंड पाहून ओळखलं. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या हो, म्हातारं माणूस, विसरेल. पण ती आमच्या घरातली शहाणी. म्हणाली, "मला काय सांगताय? ज्याचं घेतलं त्याला परत द्या."

"कोणाचं घेतलं?"

"बैलांचं. आणखी कोणाचं?"

बुधवारी सकाळी मी गेलो. नानांच्या हरभऱ्यात तण माजलं होतं. कोळपणी त्याच दिवशी व्हायची होती, पण कोश्याला जुंपता येत नव्हतं आणि एकट्या तांबड्याला नाना जुंपत नसत. ते हलकं कोळपं घेऊन एकटेच ढकलायला निघाले होते. मी काही न बोलता गोठ्यातलं दावं उचललं, कोळप्याला बांधलं, दुसरं टोक छातीवरून खांद्यावर घेतलं आणि ओळीच्या तोंडाशी उभा राहिलो.

"ह्ये काय?" नाना.

"त्यांचा एक दिवस माझ्याकडे निघतो."

मला वाटलं, आता हसतील किंवा हाकलतील. त्यांनी कोळपं धरलं, रोवलं, आणि जिभेने च्यक-च्यक केलं.

निघालो!

काय सांगू तुम्हाला, कोळपं हलकं असतं हे बघणाऱ्याला. दहाव्या ओळीला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. मागून नानांचा आवाज, माझ्याशी नाही, कामाशी: "सरळ… सरळ… वळा… होऽ होऽ." एकदा मी वाकडा गेलो तर सवयीने ओरडले, "ए कोश्या!" गोठ्यात खरा कोश्या सावलीत बसून रवंथ करत आमच्याकडे बघत होता. तांबड्याही बघत होता. असली गंमत त्यांनी आयुष्यात पाहिली नसणार. मला स्वतःचं हसू यायला लागलं, पण दम नव्हता हसायला.

सूर्य डोक्यावर आल्यावर नानांनी कोळपं आडवं केलं. "सुटलं," म्हणाले.

"चार ओळी राहिल्यात, नाना. ओढतो."

"बैल दुपारी सुटत्यात."

ओसरीवर आलो. सदरा काढला, तर खांद्यावर दाव्याचा वळ उठलेला, लालभडक, सुजलेला. नाना वाकून बघत राहिले. मग आत गेले. वाटीत लोणी आणि हळद कालवून आणलं आणि माझ्या मागे बसले. खरबरीत हात. आधी वळाच्या कडेने, मग हळूच वळावर, मग मानेपर्यंत. मी डोळे मिटून बसलो होतो, आणि एकाएकी मला हे मळणं ओळखीचं वाटलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या मानेला असंच लोणी-हळद चोळतात. आणि चोळून झालं की बैलाच्या कानाशी वाकून त्याला दुसऱ्या दिवसाचं आमंत्रण देतात. पोळा होऊन गेलेला, मी दोन पायांचा, पण नानांचे हात तेच करत होते.

झालं. हात थांबले. मग माझ्या कानाशी त्यांचा श्वास लागला. एरवी मला अरे-तुरे करणारा तो माणूस अगदी हळू, अगदी अदबीने म्हणाला,

"आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

मी रडलो. तिथेच, ओसरीवर, उघड्या अंगाने. नाना उठून विळे घासायला गेले.

गुरुवारी गेलो. नानी आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या आणि चुलीपाशी तणतणत होत्या, "पोळा कवाच झाला, शिमगा लांब, आन् ह्यांना आज पुरण सुचतंय!" नाना म्हणाले, "एक बैल राहिला व्हता." मग ताट घेऊन बाहेर आले. पुरणपोळीचा पहिला घास त्यांनी तांबड्याला दिला, दुसरा कोश्याला, आणि तिसरा मोडून, तुपात बुडवून, माझ्या तोंडात घातला.